इंदूर मेट्रोचा पहिला टप्पा : गाडी उत्तम, राजवाडा अजून दूर

३१ मे २०२५ रोजी, देवी अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भोपाळच्या कार्यक्रमातून इंदूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन केले. पहिला आठवडा प्रवास विनामूल्य होता आणि त्या दिवसांत निम्मे शहर मुलाबाळांसह गाडीत बसून आले. रामबागेत राहणाऱ्या माझ्या ८१ वर्षांच्या मावशीलाही जायचे होते, परंतु तिच्या गुडघ्यांचा विचार करून मी गर्दी ओसरेपर्यंत थांबलो आणि पावसाळ्यातील एका शनिवारी तिला घेऊन गेलो. मी आयुष्यभर पूल बांधण्याच्या खात्यात नोकरी केली आहे. त्यामुळे या सेवेकडे मी प्रवासी म्हणून पाहिले तसे बांधकामातला माणूस म्हणूनही पाहिले, आणि दोन्ही नात्यांनी जे वाटले ते येथे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो : गाडी, स्थानके आणि मार्गाचे काम पाहून मन भरून आले, पण शहरातून प्रवास करणाऱ्या माणसाला ही सेवा आज फारशी उपयोगाची नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या का आहेत, हे समजून घेतल्याशिवाय इंदूर मेट्रोला न्याय देता येणार नाही.

सध्या सुरू असलेला मार्ग सुमारे ६ किलोमीटरचा असून त्यावर पाच स्थानके आहेत. गांधी नगरचे स्थानक देवी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचे आहे, आणि सुपर कॉरिडॉर या शहराच्या कडेच्या रुंद रस्त्यावरील पुढच्या चार स्थानकांना महाराणी लक्ष्मीबाई, राणी अवंतीबाई लोधी, राणी दुर्गावती आणि वीरांगना झलकारीबाई यांची नावे दिलेली आहेत. संपूर्ण योजना मात्र ३१.५५ किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गाची आहे. बंगाली चौक, विजय नगर, भवरसला, गांधी नगर, विमानतळ, जुन्या शहरातला राजवाडा, रेल्वे स्थानक, पलासिया आणि पुन्हा बंगाली चौक असा तो फेरा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मंजुरी दिली तेव्हा खर्चाचा अंदाज ७,५००.८० कोटी रुपये होता आणि १४ सप्टेंबर २०१९ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री कमलनाथ यांनी पायाभरणी केली. म्हणजे आज आपण ज्यात बसतो तो या वर्तुळाचा जेमतेम पाचवा हिस्सा आहे.

रामबागेतून गांधी नगरला जाण्यासाठी आम्ही रिक्षा केली. राजवाड्याच्या बाजूने मल्हारगंज, तेथून बडा गणपती, मग कालानी नगर आणि विमानतळ, अशा वाटेने पोहोचायला आम्हाला पाऊण तासाहून अधिक वेळ लागला. त्या दिवशी मेट्रोपेक्षा ही रिक्षाची वाटच मला अधिक शिकवून गेली, कारण मेट्रोचा भुयारी मार्ग साधारणपणे याच रस्त्यांच्या खालून जाणार आहे. मल्हारगंजात दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की सगळा रस्ता थांबतो. दुकानांच्या पायऱ्या रस्त्यावर उतरलेल्या आहेत, वरच्या मजल्यांचे लाकडी सज्जे पुढे झुकलेले आहेत आणि अनेक घरांचा पाया किती खोल आहे हे त्या घराच्या मालकालाही सांगता येणार नाही. या रस्त्याच्या मधोमध खांब उभा करणे शक्यच नाही, हे पाहणाऱ्याला एका क्षणात कळते. मावशीने याच रस्त्यावर टांगा पाहिला, नंतर टेंपो पाहिला, नंतर सिटी बस आणि आता ई-रिक्षा पाहिली. वाहने बदलत गेली, रस्ता मात्र तेवढाच राहिला.

गांधी नगरच्या स्थानकात शिरल्यावर सगळे चित्र बदलते. जागा प्रशस्त आहे, उजेड भरपूर आहे आणि स्वच्छतेचा जो अभिमान इंदूरकर बाळगतात तो येथे जपलेला दिसतो. तिकीट खिडकीवर तिकीट घेतले आणि सुरक्षा तपासणी झाली. मावशीला जिन्याची एकही पायरी चढावी लागली नाही, कारण लिफ्ट थेट फलाटावर नेते. फलाट आणि डब्याचा तळ यांत उंचीचा फरक जाणवला नाही. ही गोष्ट तरुणांच्या लक्षातही येणार नाही, पण ज्यांना रेल्वेच्या डब्यात चढताना दोन माणसांचा आधार लागतो त्यांच्यासाठी ती फार मोठी आहे. तेथील तरुण कर्मचारी मुलीने मावशीला "आजी, आरामसे" म्हणत हात दिला आणि जागेवर बसवले. एवढ्याशा वागण्याने सार्वजनिक सेवेबद्दल माणसाचे मत बनते.

गाडी तीन डब्यांची आहे. इंदूर आणि भोपाळ या दोन्ही शहरांसाठी मिळून १५६ डब्यांची मागणी ॲल्स्टॉम कंपनीकडे नोंदवली गेली आणि हे डबे वडोदऱ्याजवळ सावली येथील कारखान्यात तयार होतात. होळकरांच्या शहरात धावणारी गाडी गायकवाडांच्या शहराशेजारी घडली, हे मी मावशीला सांगितले तेव्हा तिला मनापासून आनंद झाला, कारण तिची थोरली बहीण लग्न होऊन बडोद्याला गेली होती. डब्यातील आवाज कमी आहे, वातानुकूलन बेताचे आहे आणि पुढील स्थानकाची सूचना स्पष्ट ऐकू येते.

नागपूर किंवा पुण्याच्या मेट्रोतून प्रवास केलेल्यांना येथे एक फरक दिसेल : मार्गावर विजेच्या तारा नाहीत. पुण्यात पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गांवर डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह घेतला जातो, तर इंदूरमध्ये रुळांच्या बाजूने बसवलेल्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह घेतला जातो. यामुळे उन्नत मार्ग दिसायला सुटसुटीत राहतो आणि भुयाराचा व्यासही थोडा कमी ठेवता येतो. मात्र व्होल्टेज कमी असल्यामुळे विद्युत उपकेंद्रे जवळजवळ अंतरावर बांधावी लागतात. तिसरा रूळ जिवंत विजेचा असल्याने फलाटावरून पडलेली वस्तू घेण्यासाठी कोणीही खाली उतरू नये, हे आपल्या घरातील मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे.

गाडी निघाल्यावर मी खिडकीतून वळणावरचा पुढचा मार्ग आणि त्याखालचे खांब पाहत राहिलो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भार टाकला तर ती वर्षातून दोनदा बांधकामाला हलवते. म्हणून पुलाचा खांब या मातीवर उभा करत नाहीत. माती आणि मुरूम भेदून खालच्या काळ्या पाषाणापर्यंत पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खुंट, न्याव्या लागतात आणि त्यांच्या डोक्यावर काँक्रीटची जाड पाइल कॅप ओतून मग खांब चढवावा लागतो. प्रवाशाला वर गाडी दिसते, पण बांधकामातले पुष्कळसे कष्ट आणि पैसा जमिनीखाली गाडलेला असतो. गाडी वळण घेताना अंग एका बाजूला ढकलले गेले नाही, सांध्यांवर ठोके बसले नाहीत आणि ब्रेक लागताना उभ्या माणसाला कठडा धरावा लागला नाही. याचा अर्थ रुळांची पातळी आणि वळणाचा उतार नीट साधला आहे. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला होण्यापूर्वी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडून त्याची तपासणी होते, त्याआधी गाडीच्या दोलनांच्या चाचण्या होतात, आणि इंदूरमध्ये तर चाचणीची पहिली फेरी सप्टेंबर २०२३ मध्येच झाली होती. "गाडी दिसते तर सुरू का करत नाहीत" असे त्या काळात पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर या निर्धोक प्रवासात आहे, असे मला वाटते.

झलकारीबाई स्थानकावर, म्हणजे सुपर कॉरिडॉर ३ येथे, मार्ग संपला. आम्ही उतरलो. मावशीने वरून चारही बाजूंना पाहिले आणि विचारले, "छान आहे रे. पण आता इथून कुठे जायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. खाली रुंद रस्ता, दूरवर बांधकामे, मधे मोकळी जमीन. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची मोठी आवारे आहेत आणि तेथे काम करणाऱ्या तरुणांना ही मेट्रो उद्या अतिशय उपयोगी पडेल. पण ते तरुण विजय नगर, पलासिया, भंवरकुआँ, सुदामा नगर येथून येतात आणि यांपैकी कोठेही आज मेट्रो जात नाही. आम्ही परत घरी जाण्यासाठी ॲपवरून रिक्षा बोलावली. पहिल्या चालकाने फेरी रद्द केली, दुसऱ्याने वीस मिनिटे वाट पाहायला लावली, आणि शेवटी आम्ही मेट्रोनेच गांधी नगरला परतून तेथून वाहन केले. त्या दिवशी रिक्षांवर झालेला खर्च मेट्रोच्या तिकिटांच्या कितीतरी पट होता. तिकीट किमान २० आणि या टप्प्यापुरते कमाल ३० रुपये आहे आणि आरंभीच्या महिन्यांत त्यावर टप्प्याटप्प्याने सवलत दिली गेली. दर मला अवाजवी वाटत नाही. घर ते स्थानक आणि स्थानक ते कामाची जागा हे दोन तुकडे मात्र महाग आहेत आणि दमवणारेही आहेत.

मग सुरुवात येथूनच का केली, असा प्रश्न प्रत्येक इंदूरकर विचारतो. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, दुसरीकडून सुरुवात करणे जवळजवळ अशक्य होते. कोणत्याही मेट्रोला आधी कारडेपो लागतो. गाड्या उभ्या करायला, धुवायला, चाके घासून पुन्हा गोल करायला आणि रोज रात्री तपासायला विस्तीर्ण जागा हवी असते आणि ती शहराच्या कडेलाच मिळते. इंदूरचा डेपो गांधी नगरला आहे, म्हणून पहिली गाडी तेथूनच निघणार हे ठरलेलेच होते. शिवाय सुपर कॉरिडॉरवर रस्त्याचा मधला पट्टा रुंद आहे, घरे पाडावी लागत नाहीत, आणि गटारे, पाण्याच्या वाहिन्या व केबल हलवण्याचे काम थोडक्यात आटोपते. शहराच्या मध्यात हेच काम खांब बांधण्यापेक्षा जास्त वेळ खाते, कारण जुन्या वाहिन्यांचे नकाशे आणि प्रत्यक्षातल्या वाहिन्या यांचा मेळ बसत नाही. मी स्वतः एका पुलाच्या पायासाठी अशी एक वाहिनी शोधण्यात पावसाळ्यापूर्वीचे सहा आठवडे घालवले आहेत.

अशा रीतीने कडेकडून सुरू झालेल्या मेट्रोचे पुढे काय होते, हे पाहायचे असेल तर पुण्याकडे पाहावे, जेथे आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी राहते. ६ मार्च २०२२ रोजी तेथे पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी आणि वनाज ते गरवारे महाविद्यालय असे दोन वेगवेगळे तुकडे सुरू झाले. लोक सुट्टीच्या दिवशी हौसेने बसायला जात आणि कामाच्या दिवशी गाड्या रिकाम्या धावत. माझ्या भाच्याने तेव्हा मला फोनवर सांगितले होते की, ही मेट्रो मुलांना फिरवून आणण्यासाठी आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी हे दोन्ही मार्ग वाढून शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना मिळाले आणि प्रवासी झपाट्याने वाढले. २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोहोचला, तेव्हा तोच भाचा मोटारसायकल घरी ठेवून कचेरीत जाऊ लागला. डबे तेच होते आणि तिकिटाची पद्धतही तीच होती. फक्त गाडी आता लोकांना जेथे जायचे असते तेथे जाऊ लागली होती. कोलकात्याची देशातील पहिली मेट्रोसुद्धा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी अवघ्या ३.४ किलोमीटरवर सुरू झाली होती. परंतु तिचा पहिला तुकडा एस्प्लनेडपासून, म्हणजे शहराच्या हृदयापासून, निघाला होता हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. त्याची किंमतही कोलकात्याने मोजली : १९७२ च्या अखेरीस पायाभरणी झाल्यावर पहिली गाडी धावायला जवळजवळ बारा वर्षे लागली आणि रस्ते वर्षानुवर्षे उकरलेले राहिले.

इंदूरसमोरचा खरा कठीण भाग आता सुरू होतो आहे. गांधी नगर ते रॅडिसन चौक हा सुमारे १७ किलोमीटरचा उन्नत मार्ग पूर्ण झाला की विजय नगरचा भाग जोडला जाईल आणि निदान कचेरीला जाणाऱ्यांना मेट्रोचा अर्थ कळेल. परंतु जुने शहर जोडले जाईल ते रेल्वे स्थानक, राजवाडा, बडा गणपती या बाजूच्या भुयाराने. सुमारे ८.६५ किलोमीटर लांबीच्या आणि सात स्थानकांच्या या भुयारी भागाच्या बांधकामाचे कंत्राट २०२५ मध्ये सुमारे २,१९१ कोटी रुपयांना दिले गेले. हिशेब केला तर एका किलोमीटरला अडीचशे कोटी रुपयांहून अधिक केवळ स्थापत्याच्या कामाचे होतात, तर २०१८ च्या मूळ अंदाजात डबे, सिग्नल आणि वीज धरून संपूर्ण प्रकल्पाची सरासरीच एका किलोमीटरला सुमारे २३८ कोटी होती. खजराण्यापासून पुढचा मार्गही जमिनीखालून न्यावा, ही शहरातील मागणी मला व्यक्तिशः योग्य वाटते, पण ती करताना हा आकडा आपल्यासमोर असला पाहिजे.

खर्चाहून मोठी चिंता जुन्या घरांची आहे. भुयार खोदणारे यंत्र पुढून खडक कापते आणि मागे काँक्रीटच्या तुकड्यांची कडी जोडत जाते. अखंड पाषाणातून जाताना वरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. अडचण येते ती खडक अचानक सोडून गेल्यावर आणि पाणी लागल्यावर. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस कोलकात्याच्या बहूबाजार भागात यंत्राने जलधारक थर फोडला, माती वाहून गेली आणि वरची घरे कोसळली. इंदूरचा पाषाण कोलकात्याच्या गाळापेक्षा पुष्कळ भरवशाचा आहे. पण राजवाड्याच्या शेजारून कान्ह नदी वाहते आणि या शहराच्या पोटात किती जुन्या विहिरी आणि बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी) फरशीखाली झाकलेल्या आहेत, हे आपण ३० मार्च २०२३ रोजी बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरची फरशी खचून ३६ माणसे गमावून शिकलो आहोत. म्हणून माझी कळकळीची अपेक्षा आहे की, यंत्र जमिनीत उतरण्यापूर्वी मार्गावरील प्रत्येक वाड्याची पाहणी व्हावी, भिंतींवरील आजच्या भेगा छायाचित्रांसह नोंदवल्या जाव्यात, जुन्या रहिवाशांना विचारून विहिरींचा नकाशा तयार व्हावा आणि खोदाईच्या काळात घरे किती खचतात याचे रोजचे आकडे रहिवाशांना दिसावेत. राजवाड्याजवळच्या व्यापाऱ्यांचा विरोध मला समजतो, कारण स्थानकाचा खड्डा काही वर्षे उघडा राहतो आणि दुकानाचे भाडे त्या काळातही द्यावे लागते. त्यांच्याशी बोलून स्थानकाची प्रवेशद्वारे कोठे काढायची हे ठरवता येईल. राजवाडा वगळून मात्र चालणार नाही.

मार्ग बांधून झाला तरी तो चालवणे हे दुसरे अवघड काम आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फार थोडी होते. गाडीत दहा माणसे असोत की पाचशे, नियंत्रण कक्ष, स्थानक नियंत्रक, सुरक्षा कर्मचारी, लिफ्ट आणि दिवे यांचा खर्च तेवढाच येतो. रात्री सेवा बंद झाल्यावर मिळणाऱ्या मोजक्या तासांत रूळ, तिसरा रूळ आणि सिग्नल तपासायचे असतात. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी केल्या तर उरलेला प्रवासीही दुरावतो आणि फेऱ्या वाढवल्या तर तोटा वाढतो. या प्रकल्पासाठी परदेशी विकास बँकांकडून कर्जे घेतलेली आहेत आणि ती फेडायची आहेत. रेल्वेसाठी लांब मुदतीचे कर्ज ही गोष्ट इंदूरला नवी नाही, फक्त तेव्हा इंदूर कर्ज देणारे होते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीने कर्ज दिले होते. नर्मदा ओलांडून आणि पाताळपाणीचा घाट चढून ती गाडी शहरात आली, तेव्हा तिचा उपयोग पुढच्या चार पिढ्यांना होणार हे धरूनच ती मुदत ठरवली असली पाहिजे.

आज लगेच करता येण्याजोगे एकच काम आहे आणि ते म्हणजे जोडवाहनांचे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातच स्थानकाच्या आजूबाजूच्या पाच किलोमीटरच्या परिसरातून लोकांना स्थानकापर्यंत आणण्याची व्यवस्था प्रकल्पाचा भाग मानलेली आहे. कालानी नगर, एरोड्रम रस्ता आणि बडा गणपती येथून गाड्यांच्या वेळांना जुळणाऱ्या छोट्या बस सोडल्या, तर पश्चिम इंदूरचा माणूस आजही मेट्रोचा विचार करू लागेल. आग्रा-मुंबई रस्त्यावरील ११.५ किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव, मार्ग २०१३ पासून हजारो विद्यार्थ्यांना विनासायास नेत होता. तो २०२५ मध्ये काढण्याचे ठरले. ती चांगली सवय मोडण्याआधी नवी सवय लागायला हवी होती, याची मला खंत आहे.

ज्यांना जाऊन पाहायचे आहे त्यांनी त्या दिवसाचे वेळापत्रक पाहूनच निघावे, गांधी नगरलाच वाहन ठेवून किंवा परतीच्या वाहनाची सोय करूनच गाडीत बसावे आणि वृद्धांना निःशंक सोबत न्यावे. विमानतळाकडे जाणारे प्रवासी अजून या मार्गाचा उपयोग करू शकत नाहीत, कारण विमानतळाचे स्थानक भुयारी भागात येते. पावसाळ्यात संध्याकाळच्या गाडीतून सुपर कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंचे हिरवे रान फार सुंदर दिसते. मावशी येतानाच्या सगळ्या वाटेत खिडकीला कपाळ टेकवून बसली होती. आमची रिक्षा मल्हारगंजाच्या गर्दीत थांबली, तेव्हा तिने खालच्या रस्त्याकडे बोट दाखवून विचारले, "इथल्या स्टेशनालाही लिफ्ट असेल ना?" जमिनीखालचे स्थानक म्हटल्यावर लिफ्ट असणारच, असे मी तिला सांगितले.